गवा कुणाचा?

गेल्या नवरात्रात माझा पुण्याचा भाचा चार दिवस गावी राहायला आला होता. पोरगा हुशार, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, मनाने हळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यावर चहा घेताना त्याने मला फोनवर एक छायाचित्र दाखवले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात एक लठ्ठ गोरा मनुष्य मेलेल्या हत्तीच्या सोंडेला टेकून हसत उभा होता. "मामा, हे लोक पैसे भरून मारतात. वर सरकार परवाना देतं. सगळ्या जगात हे बंद झालं पाहिजे," असे म्हणत त्याने एका निवेदनावर सही केली, म्हणजे बोट टेकवले.

तेवढ्यात शेजारचा शेतकरी अंगणात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. रात्री गव्यांचा कळप त्याच्या भातात उतरला होता. निसवलेले भात, आणखी महिन्याभराने कापणी. खाल्ले त्याच्या तिप्पट तुडवले होते. पंचनाम्यासाठी अर्ज लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला होता. भाच्याच्या फोनातला हत्ती त्याने बघितला, सही कशाची ती विचारून घेतली आणि मला म्हणाला, "मास्तर, आमच्या गव्याचा कागुद हाय काय बगा की त्याच्या फोनात. तेच्यावर मीबी आंगठा देतो."

भाचा हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. बंदूक हातात धरली ती एकदाच, आजोबांची ठासणीची, तीही रिकामी. परसात कोंबडी कापतात तेव्हा मी तिथे थांबत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणीतरी मला शिकाऱ्यांचा वकील ठरवील. मारण्यात ज्याला मौज वाटते त्या माणसाबद्दल मला काडीचा आदर नाही. परंतु परवान्याच्या शिकारीबद्दल आपल्याकडे जे दोन पक्ष तावातावाने बोलतात, त्या दोघांनाही एका माणसाचा विसर पडतो. तो म्हणजे रानाच्या कडेला राहणारा माणूस. एका पक्षाला फक्त जनावर दिसते, दुसऱ्याला फक्त बंदूक.

दुसऱ्या पक्षाची ओळख आपल्या भागात वेगळी करून द्यायला नको. बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडी, सगळीकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अजून शिंगे आहेत. ही मंडळी एखाद्या लग्नाच्या पंगतीत भेटतात आणि सांगतात, "आफ्रिकेत बघा, शिकार चालू आहे म्हणून जनावरं टिकली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं सगळा घोळ केला. पाच-दहा गवे दरसाल परदेशी पाहुण्यांना मारू द्या, डॉलर येतील." ऐकायला व्यवहारी वाटते. म्हणून मी माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो.

आजोबा हाकेकरी होते. बेळगावच्या छावणीतला कुणी साहेब जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला शिकारीला आला, की पाटलाकडून निरोप यायचा आणि घरटी एक माणूस हाक्याला जायचा. पत्र्याचे डबे, ढोल, काठ्या. साहेब मचाणावर, हे चाळीस-पन्नास जण खाली जाळीत. एकदा जखमी गवा उलटून हाक्यावर आला आणि आजोबांच्या चुलतभावाची मांडी फाडून गेला. तो वाचला, पण पुढे नांगर धरू शकला नाही. साहेबाने गूळ आणि दोन रुपये पाठवले, असे घरात सांगत. त्या गव्याचे मुंडके विलायतेत कुठल्या तरी भिंतीवर साहेबाच्या नावाची पितळी पट्टी लावून टांगले असेल. चुलतआजोबांचे नाव कुठल्याही पट्टीवर नाही. ही आपल्याकडची 'नियमबद्ध' शिकार. साहेबांच्या नंतर संस्थानिक, स्वातंत्र्यानंतर परदेशी गिऱ्हाइके आणणाऱ्या शिकारी कंपन्या. मचाणावरचा माणूस बदलला, खालचा तोच राहिला.

त्या राजेशाही शिकारीने राने राखली हे खोटे नाही. कोल्हापूर दरबारची दाजीपूरची शिकारीची रानेच १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाली, महाराष्ट्रातले पहिले. आज तिथे गवा आहे तो त्या राखणीमुळेही आहे. पण राजाच्या रानात राजाची जनावरे, अशी ती राखण होती. राजा गेला, सरकार आले, पाटी बदलली.

आता नामिबियाकडे जाऊ. भाच्याच्या फोनातला फोटो तिथलाच होता असे नाही, पण परवान्याच्या शिकारीचे नाव निघाले की त्या देशाचे उदाहरण देतात, आणि ते नीट कुणी सांगत नाही.

नामिबिया हा वाळवंटी, विरळ वस्तीचा देश. १९९० पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. त्या काळात १९७५ च्या एका वटहुकमाने गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या शिकारयोग्य जनावरांवर हक्क मिळाला. ज्या जनावराला तोवर ते गुरांच्या चाऱ्याचा चोर म्हणत होते, तेच उत्पन्नाचे साधन झाले आणि त्यांच्या शेतांवर हरणे वाढली. काळ्या माणसाच्या सामाईक जमिनीवरचे जनावर मात्र सरकारचेच राहिले. तिथे दुष्काळ, लढाई आणि चोरटी शिकार यांनी १९८० च्या सुमारास गेंडे-हत्तींची वाट लावली होती. अशा वेळी वायव्येकडच्या कुनेने भागात गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या एका हट्टी माणसाने गावप्रमुखांना गाठले आणि म्हटले, राखणदार तुम्हीच नेमा. प्रमुखांनी नेमले, आणि त्यांत जुने चोरटे शिकारीही होते. रानाची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? पगार थोडा, पण राखणदार गावाला जबाबदार. या कामासाठी ओवेन-स्मिथ आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट जेकबसन यांना १९९३ साली गोल्डमन पारितोषिक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९९६ साली त्या देशाने कायदा केला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गोऱ्या शेतमालकाला जो हक्क १९७५ साली मिळाला होता, तोच सामाईक जमिनीवरच्या गावांना मिळाला. गावांनी आपली हद्द ठरवायची, सभासदांची यादी करायची, घटना लिहायची, पंच निवडायचे. मग त्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांपासून येणारे उत्पन्न त्यांचे. १९९८ साली असे चार गावसंघ नोंदले गेले. आज ८६ आहेत आणि देशाच्या सुमारे एक-पंचमांश भूमीवर ते पसरले आहेत. १९९५ च्या सुमारास देशात सात-आठ हजार हत्ती होते, आज वीस हजारांच्या वर आहेत.

शिकारीचा भाग यात कुठे येतो? दरवर्षी गावचे राखणदार आणि वनखाते मिळून जनावरे मोजतात. त्या मोजणीवरून किती मारता येतील हे ठरते. राखणदाराजवळ एक नोंदवही असते. कुठे मेलेले जनावर दिसले, कुठे फासा सापडला, कुणाची शेळी चित्त्याने नेली, सगळे त्यात; ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी चित्रे आणि रेघा. वर्षाअखेर त्या वहीचा गोषवारा गावासमोर मांडतात. परदेशी शिकारी पैसे मोजतो, शिंगे-कातडी घेऊन जातो. मांस गावात वाटले जाते. तिथल्या गावसंघांच्या हिशेबांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की शिकारीचे उत्पन्न गावसंघ स्थापल्यापासून साधारण तीन वर्षांत सुरू होते, पर्यटनाचे यायला सहा वर्षे लागतात. कारण उघड आहे. पर्यटकाला रस्ता लागतो, गरम पाणी लागते, खिडकीतून देखावा लागतो. शिकाऱ्याला ओसाड कोपराही चालतो.

नामिबिया म्हणजे रामराज्य, असे मी म्हणत नाही. कुनेनेत पुढे वर्षानुवर्षे पाऊस नाही पडला, हरणे-झेब्रे घटले, तेव्हा मारण्याची संख्या कमी करावी लागली आणि उत्पन्नही आटले. काही गावसंघांत पैशाच्या अफरातफरी झाल्या. २०२० साली करोनाने पर्यटक बंद झाले तेव्हा राखणदारांचे पगार कुठून द्यायचे हा प्रश्न पडला. पण या सगळ्या भांडणांत 'आमचे पैसे कुठे गेले' हे गावकरी विचारू शकतो. आमच्याकडे तो विचारणार कुणाला?

२०१४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डॅलसमध्ये नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना लिलावात ३ लाख ५० हजार डॉलरला गेला, तेव्हा जगभर गहजब झाला. परवाना घेणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मारायचा तो म्हातारा नर होता. असे नर पिलावळ वाढवत नाहीत आणि तरण्या जनावरांनाही मारतात, असे तिथल्या सरकारचे म्हणणे. २०१५ च्या मे महिन्यात तो मारला गेला. हे वाचून मलाही वाईट वाटले. पण माझ्या वाईट वाटण्यावर कुनेनेतल्या राखणदाराचा पगार निघत नाही. त्या देशाला तो गेंडा म्हातारपणी मरू द्या असे सांगायचे असेल, तर राखणदाराच्या पगाराचे काय ते सांगणाऱ्याने आधी बोलावे.

इतक्या लांब कशाला, शेजारी पाकिस्तानात पाहा. मारखोर नावाचा पिळदार शिंगांचा डोंगरी बोकड त्यांचा राष्ट्रीय प्राणी. अफगाण युद्धात बलुचिस्तानात बंदुकांचा सुळसुळाट झाला आणि तोरघर डोंगरात मारखोर शंभराच्या आत आला. तिथल्या जोगेझाई सरदारांनी १९८६ च्या सुमारास आपल्या टोळीवाल्यांना शिकार बंद करायला लावली, जुन्या शिकाऱ्यांना राखणदार केले, आणि वर्षाला एक-दोन परदेशी शिकाऱ्यांकडून येणाऱ्या पैशावर त्यांचा पगार काढला. वीस-एक वर्षांत त्या डोंगरात मारखोर दोन हजारांच्या वर गेला. पुढे वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९७ च्या हरारे येथील परिषदेने सबंध पाकिस्तानला वर्षाला ६ मारखोरांची मुभा दिली, २००२ साली ती १२ केली. चित्रालसारख्या भागातला एकेक परवाना आज लाख डॉलरच्या वर जातो. त्यातले ८० टक्के स्थानिक लोकांना, २० टक्के सरकारला. २०१५ साली मारखोर 'संकटग्रस्त' यादीतून दोन पायऱ्या खाली उतरला. त्या देशाबद्दल आपले जे मत असेल ते असो, हा हिशेब त्यांनी आपल्यापेक्षा चोख ठेवला, हे मान्य करायला माझी जीभ अडखळत नाही.

उलट केनियाने १९७७ साली शिकार पूर्ण बंद केली. १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या गवताळ प्रदेशातली वन्य जनावरे सरासरी दोन-तृतीयांशांहून अधिक घटली, असे तिथल्याच हवाई मोजण्यांवरून निघाले. बंदीमुळे घटली असे मी म्हणणार नाही. माणसे वाढली, गुरे वाढली, कुंपणे आली, पाऊस बिघडला. पण बंदीने ती वाचली नाहीत, हेही तितकेच खरे. बोट्स्वानाने २०१४ साली बंदी घातली, २०१९ साली उठवली. तिथे सव्वा लाखाहून अधिक हत्ती आहेत. जर्मनीने शिकारीची शिंगे-दात आणण्यावर निर्बंधांची भाषा सुरू केली तेव्हा, २०२४ साली, बोट्स्वानाच्या अध्यक्षांनी वीस हजार हत्ती जर्मनीला भेट पाठवतो, सांभाळा, असे सुनावले. आमच्या शेजाऱ्याचा कागुद आणि हे वीस हजार हत्ती एकाच जातीचे उत्तर आहे.

इथवर वाचून पंगतीतले शिंगेवाले खूश झाले असतील. त्यांनी पुढचेही वाचावे.

टांझानियातल्या लोलिओंडो भागात १९९२ पासून अरब अमिरातीतल्या राजघराण्याशी संबंधित कंपनीला शिकारीचा मक्ता आहे. ती जमीन मसाई गुराख्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची चरणी. २०२२ च्या जूनमध्ये १५०० चौरस किलोमीटरची हद्द आखायला पोलीस आले, खांब रोवले, मसाई आडवे आले, गोळ्या चालल्या, शेकडो लोक सीमा ओलांडून केनियात पळाले. तिथेही परवाना होता, तिथेही नियम होते. झिंबाब्वेत १९८९ साली सुरू झालेल्या योजनेत शिकारीचे पैसे गावाऐवजी जिल्हा परिषदेकडे जात, आणि परिषदेत शिरलेला पैसा बाहेर किती येतो हे आपल्या वाचकांना आफ्रिकेत जाऊन शिकायची गरज नाही. सगळ्या आफ्रिकेतल्या शिकारी कंपन्यांचा ताळेबंद मांडणाऱ्या काही अर्थतज्ज्ञांना २०१३ साली गावांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास दिसला. २०१५ साली ह्वांगे अभयारण्यातला सेसिल नावाचा सिंह आमिषाने हद्दीबाहेर काढून एका अमेरिकन दंतवैद्याने बाणाने जखमी केला आणि मग मारला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा होता. दक्षिण आफ्रिकेत तर सिंह कोंबड्यांसारखे कुंपणात वाढवून गिऱ्हाइकापुढे सोडतात. त्याला शिकार म्हणणे हा शिकारीचाही अपमान आहे. सिंहांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. कळपातला तरणा नर मारला तर नवा नर येऊन आधीचे छावे मारतो. एका गोळीत सहा-सात जीव जातात. सहा वर्षांखालचा नर मारू नये असा नियम टांझानियाने २०१० साली केला तो या विषयावरच्या संशोधनानंतर. आयाळीवरून आणि नाकाच्या काळेपणावरून वय ओळखायचे असते. मचाणावर ताठलेल्या गिऱ्हाइकाला नाकाचा रंग कितपत दिसतो, देव जाणे.

थोडक्यात, एकाच बंदुकीने एका ठिकाणी जनावर आणि गाव दोन्ही तगले, दुसऱ्या ठिकाणी दोन्ही देशोधडीला लागले. म्हणजे फरक बंदुकीत नाही. जनावर कुणाचे, हे ज्या ठिकाणी गावाच्या बाजूने ठरले तिथे एक परिणाम, ज्या ठिकाणी साहेबाच्या बाजूने ठरले तिथे दुसरा.

आपल्याकडे काय ठरले आहे? १९७२ च्या मूळ कायद्यात परवान्याने शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. हे चुकले असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या मोजणीत देशात १८२७ वाघ होते, २०२२ च्या गणनेत तीन हजारांच्या वर निघाले. त्या काळी बंदी आली नसती तर आज भाच्याला वाघ फोनवरच पाहावा लागला असता. पण त्याच कायद्याचे कलम ३९ वाचा. रानात मेलेले किंवा मारलेले जनावर सरकारची मालमत्ता. जिवंतपणी भात खाताना गवा कुणाचाच नसतो, आणि मेला की सरकारचा होतो! वनहक्क कायदा २००६ साली आला. त्याने गावाला मध दिला, बांबू दिला, हिरडा दिला. शिकारीचा परंपरागत हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली रानाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावाने रान कसे राखले हे सगळ्यांनी पाहिले. तेव्हा गोष्ट बंदुकीशिवायही जमते. मालकी मात्र लागते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे चित्ता. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने ग्वाल्हेरला आणि तिथून कुनोच्या रानात आले. ग्वाल्हेरकडच्या आपल्या वाचकांच्या अंगणातच हा सोहळा झाला. ज्या देशाने ते दिले, त्याला १९९२ पासून वर्षाला १५० चित्ते, शिकारीचे कातडे किंवा जिवंत या रूपात, बाहेर पाठवायची आंतरराष्ट्रीय मुभा आहे. आणि तिथले बहुतेक चित्ते अभयारण्यात राहतच नाहीत, शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीवर राहतात. एके काळी त्याच शेतकऱ्यांनी ते हजारोंनी मारले होते. मग कुठे शिकारीच्या उत्पन्नाने, कुठे मेंढरे राखणाऱ्या दांडग्या कुत्र्यांच्या वाटपाने, शेतकरी चित्त्याला सोसायला शिकला. आपल्याकडचे शेवटचे तीन चित्ते एका महाराजांनी एकाच रात्री गोळ्या घालून संपवले असे सांगतात. आणि कुनोतली चोवीस गावे? ती विसाव्या शतकाच्या अखेरीस उठवली गेली, गीरच्या सिंहांसाठी. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगूनही सिंह आले नाहीत. सहरिया आदिवासी गेले, चित्ते आले. नामिबियातून जनावर तेवढे आणले. ज्या व्यवस्थेने ते जगले ती विमानात मावली नाही.

आमच्याकडे भीमगडचे अभयारण्य २०११ साली झाले, १९० चौरस किलोमीटरचे. मला त्याचा अभिमान आहे, लिहून ठेवा. म्हादईचे रान राहिले पाहिजे. पण आमच्या पंचक्रोशीत शिकार बंद आहे असे ज्याला वाटते, त्याने भाद्रपदात एक रात्र राखणीच्या माळ्यावर काढावी. तारेचे फासे लागतात. कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवले जातात; रानडुकराचा जबडा फुटतो आणि ते तसेच दोन-तीन दिवस तडफडते. गुरेही त्यात सापडतात. शेताभोवती विजेची तार सोडतात; तीत डुकराऐवजी शेजारचाच माणूस सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो. ही शिकार बिनपरवान्याची, बिनमोजणीची, आणि सगळ्यांत क्रूर. हिच्याविरुद्ध निवेदन कुणी काढत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही. आम्ही गावातले लोकही गप्प बसतो. मीही बसलो आहे. कुणाच्या परसात तार पुरलेली आहे हे मला ठाऊक असते आणि त्याच्याच पोराची दहावीची शिकवणी मी घेत असतो.

भरपाई आहे, असे सांगतील. आहे. शेजाऱ्याचा तो अर्ज मी मराठीत लिहून दिला. एका कचेरीतून तो परत आला, कन्नडात हवा. कन्नडात लिहून दिला, तेव्हा सात-बाऱ्याच्या इथल्या भावाचा, उताऱ्याचा, सर्व्हे नंबर जुना निघाला. तो दुरुस्त होईतो भात कापून झाले होते, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारले, नुकसान दिसत नाही, कुठे आहे? भाषेचा वाद मी इथे काढत नाही. गवा दोन्ही भाषांत सारखाच चरतो. पण ज्या जनावराने केलेल्या नुकसानीचा साधा पुरावा देणे गावाच्या हातात नाही, त्याच्यावर गावाने माया करावी ही अपेक्षा कुणी कुठल्या तोंडाने करतो?

बिहारात २०१६ साली मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. नेमबाज हैदराबादहून आणला, हुकूम दिल्ली-पाटण्याचा, आणि मग दोन केंद्रीय मंत्री वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. केरळात २०२२ साली पंचायतीच्या अध्यक्षाला उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मिळाला. मला ते पाऊल बरे वाटते. पण मारलेले डुक्कर पुरून टाकायचे, खायचे नाही! ज्याचे कणगीतले धान्य त्या डुकराने खाल्ले, त्याने ते मातीत जाताना बघायचे. हा कुठला न्याय?

माझी मागणी म्हणाल तर अशी आहे, आणि ती दोन्ही पक्षांना आवडणार नाही. आमच्या रानात परदेशी पाहुण्यांना गवे मारू द्यायला माझा विरोध आहे. ते डॉलर कुठल्या कचेरीत अडकतील हे मला आजच सांगता येते, आणि आमच्या गावात गव्याला गायीचा भाऊबंद मानणारी म्हातारी माणसे अजून आहेत. हाक्याला पुन्हा आमची पोरे उभी करायची नाहीत. पण रानडुकराचा प्रश्न ग्रामसभेकडे द्या. किती, कुठे, कुणी मारायचे ते गावाने ठरवावे, नोंद ठेवावी आणि मांस गावाने खावे. त्याच दिवशी फासे आणि बॉम्ब यांना गावाचाच विरोध सुरू होईल, कारण मग फासेवाला गावाचा चोर ठरेल, आज तो सरकारचा चोर आहे. गवा-हत्तीच्या नुकसानीचा पंचनामा ग्रामसभेने केला तर तो ग्राह्य धरा, दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत. रान बघायला येणाऱ्यांच्या जीपगाड्यांची, तंबू-बंगल्यांची जी कमाई होते तिच्यातला ठरलेला वाटा गावाच्या खात्यावर टाका आणि त्याचा आकडा चावडीवर लिहा. नोंदवही गावाकडे द्या. आमची बारावी झालेली चार पोरे रिकामी बसली आहेत, ती कुनेनेतल्या राखणदारापेक्षा अक्षर वाईट काढणार नाहीत.

कुणी म्हणेल, मास्तर, गावाच्या हातात दिले तर गाव सगळेच खाऊन टाकील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माझे गाव मला ठाऊक आहे. पाणंदीचा रस्ता आमच्याकडे अकरा वर्षे भांडणात पडला आहे. पण सरकारच्या हातात असताना २००४ साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही, आणि ते कुणाच्या ध्यानात यायला कित्येक महिने गेले. गावाने खाल्ले तर निदान गावाला कळते कुणी खाल्ले.

हा लेख मी भाच्याला वाचायला पाठवला. त्याने उलट विचारले की मामा, मग मी आफ्रिकेच्या निवेदनावरची सही मागे घेऊ का? मी कळवले, राहू दे. पण दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस आधी ये. यंदा राखणीची पाळी आमच्या घराची आहे, माळ्यावर दोघांना पुरेल एवढी जागा आहे, आणि शेजाऱ्याचा गेल्या वर्षीचा अर्ज अजून आलेला नाही.